पंचवटीची माधुकरी

लक्ष्मीपूजनाच्या अंकात दारिद्र्याची गोष्ट काढणारा लेखक म्हणजे लग्नघरात औषधांची नावे सांगत बसणारा पाहुणाच म्हणायचा! तरीही वाचकांनी मला थोडा वेळ द्यावा. मी रडकथा सांगणार नाही. थोडक्यात भागवून सुखाने जगलेली माणसे आमच्या पंचवटीने पुष्कळ पाहिली आहेत. त्यांतल्या चार-दोघांची ओळख करून द्यावी, एवढाच माझा हेतू आहे.

ह्या लेखाचे निमित्त मात्र एका विद्यार्थ्याने दिले. वर्गात पंडित विष्णु दिगंबर पलुसकरांविषयी सांगता सांगता मी ओघात म्हणून गेलो, की बुवांनी आपली अखेरची वर्षे पंचवटीतल्या आश्रमात अगदी साधेपणाने काढली. मागच्या बाकावरचा एक मुलगा उभा राहिला आणि म्हणाला, "सर, पैसे नव्हते म्हणून ते साधे राहत होते, की साधे राहायचे म्हणून त्यांच्यापाशी पैसे नव्हते?"

मास्तरकीच्या धंद्यात असे प्रश्न घंटा व्हायच्या आधी पाच मिनिटे येत नाहीत, हेच मोठे दुर्दैव! घंटेला अजून अर्धा तास होता. मी काहीतरी बोललो. पण त्या बोलण्याने मुलाचे समाधान झाले नाही आणि माझे तर मुळीच झाले नाही. पुढे काही दिवस गोदेच्या घाटावरून येता-जाता तोच प्रश्न मनात घोळत राहिला. त्याचे उत्तर इतिहासात शोधू लागलो, तेव्हा ध्यानात आले, की हा प्रश्न एकट्या विष्णुबुवांचा नव्हे. तो ह्या पंचवटीचाच आहे.

* * *

पंचवटीचा आरंभच मुळी एका झोपडीपासून झाला. अयोध्येचा राजपुत्र चौदा वर्षांच्या वनवासाला निघाला आणि गोदावरीच्या काठी येऊन राहिला, तेव्हा लक्ष्मणाने त्याच्यासाठी पर्णकुटी बांधली, असे रामायण सांगते. खांब वनातले, छप्पर पानांचे, पाणी नदीचे. पाच वडांवरून ह्या जागेला नाव मिळाले. ते वड आजही भाविकांना सीतागुंफेपाशी दाखवतात. आमच्या लोकांच्या मनात रामाचे अयोध्येतले राजवाड्यातले दिवस फारसे ठसलेले नाहीत. सासरी निघालेल्या मुलीला आई सीतेचा दाखला देते, तो पर्णकुटीतल्या सीतेचा. घर लहान असले तरी संसार लहान होत नाही, ही कल्पना येथून घरोघर गेली.

पण गंमत पाहा! त्याच पर्णकुटीच्या आठवणीसाठी पुढे येथे लक्षावधी रुपये ओतले गेले. पेशवाईत नाशिकला वैभवाचे दिवस आले. वसईच्या मोहिमेतली मोठी घंटा अजून जिच्या नावाने ओळखली जाते, ते नारोशंकराचे देऊळ १७४७ साली उभे राहिले. पलीकडच्या काठावर १७५६ साली सुंदरनारायणाचे देऊळ झाले. आणि ह्या सर्वांवर कळस म्हणजे सरदार रंगराव ओढेकरांनी बांधलेले काळारामाचे मंदिर. रामशेजच्या डोंगराचा काळा दगड आणून, दोन हजार माणसे बारा वर्षे राबवून, तेवीस लाख रुपये खर्चून अठराव्या शतकाच्या अखेरीस हे मंदिर पुरे झाले, असे सांगतात. वनवासी रामाने एवढा खर्च पाहिला असता, तर तो काय म्हणाला असता, हा विचार माझ्यासारख्या महिनाअखेरीची बेरीज जुळवणाऱ्या मनुष्याला सुचल्यावाचून राहत नाही.

परंतु हे लाख रुपये केवळ दगडांतच जिरले असे समजू नये. देवळामागोमाग पुजारी आले, पाठशाळा आल्या, अन्नछत्रे आली, धर्मशाळा आल्या. यात्रेकरू येई तो देवाला दक्षिणा देई, उपाध्यायाच्या वहीत आपल्या कुळाची नावे लिहवून घेई आणि घाटावर पसाभर तांदूळ कोणाच्या तरी पदरात टाकी. सरदारांचा पैसा असा झिरपत झिरपत मूठभर धान्य होऊन गरिबाच्या ताटापर्यंत पोचे. नदी फुकट, घाट फुकट, देवळातला दिवा फुकट, रात्रीचे कीर्तन फुकट. ज्याच्यापाशी एक पंचा, एक तांब्या आणि सांगण्याजोगी विद्या होती, त्याचे पंचवटीत अडत नसे. अडत नसे, हे मी सरसकट म्हटले खरे. पण ह्या शब्दाला एक मोठा अपवाद आहे आणि त्याच्याकडे मला पुढे यायचेच आहे.

* * *

पंचवटीतल्या साध्या राहणीची पहिली मोठी कथा एका राणीची आहे. राणी असे म्हणायचे; खरे म्हणजे ती पेशवीण. वाईच्या रास्त्यांची लेक, नानासाहेब पेशव्यांची पत्नी, गोपिकाबाई.

हिच्या वाट्याला जे आले ते शत्रूच्याही येऊ नये. १४ जानेवारी १७६१ रोजी थोरला मुलगा विश्वासराव पानिपतावर पडला. त्याच वर्षीच्या २३ जूनला नानासाहेब पर्वतीवर वारले. दुसरा मुलगा माधवराव, ज्याने पानिपताचे दुःख मराठी मुलखाला विसरायला लावले, तो १८ नोव्हेंबर १७७२ रोजी थेऊरला क्षयाने गेला. आणि ३० ऑगस्ट १७७३ रोजी धाकटा नारायणराव शनिवारवाड्यात गारद्यांच्या तलवारींखाली मारला गेला. बारा वर्षांत पती आणि तीन पुत्र!

माधवरावाच्या कारकीर्दीतच गोपिकाबाईचे आणि त्याचे बिनसले होते आणि ती नाशिकजवळ गंगापुरास येऊन राहिली होती. नारायणरावाच्या खुनानंतर तिने संसारातून मन काढून घेतले. ती पंचवटीत व्रतस्थ राहू लागली आणि माधुकरी मागून जेवू लागली, असे परंपरा सांगते. जिच्या पंगतीला हजार पाने उठत, ती बाई झोळी घेऊन दुसऱ्याच्या उंबऱ्यावर उभी राहिली! ह्याहून विलक्षण गोष्ट अशी, की ज्या रघुनाथरावाच्या भाऊबंदकीने तिचा शेवटचा मुलगा घेतला, त्याने आपल्या पत्नीच्या नावावरून जिचे नाव ठेवले ती आनंदवल्ली ह्याच नदीच्या काठावर, पंचवटीपासून अगदी थोड्या अंतरावर आहे. पाणी तेच; वरून आनंदवल्लीला वळसा घालून येणार आणि खाली रामकुंडात गोपिकाबाईच्या ओंजळीत पडणार.

पण येथे कादंबरीकाराचा मोह आवरून इतिहास शिकवणाऱ्याने एक गोष्ट सांगितली पाहिजे. ही बाई भिक्षा मागे ती केवळ सरदार घराण्यांतल्या स्त्रियांपाशी, अशीही आख्यायिका आहे. म्हणजे झोळी घेतली तरी पेशवीणपण खांद्यावरून उतरले नव्हते! ह्यात हसण्यासारखे काही नाही. मानी माणूस सर्व सोडतो, मान शेवटी सोडतो. पुण्याच्या राजकारणावरचे तिचे लक्षही पुरते सुटले नव्हते. बाल पेशवा सवाई माधवराव हा तिचा नातू. त्याने कसे वागावे, दिवस कसा घालवावा, ह्याविषयी तिने लिहून पाठवलेला उपदेश इतिहासाच्या अभ्यासकांना ठाऊक आहे. १७८८ साली नाशिकला तिचा अंत झाला.

तर माझ्या विद्यार्थ्याच्या प्रश्नाचे पहिले उत्तर गोपिकाबाईपाशी मिळते. तिच्यापाशी द्रव्य नव्हते असे नाही. द्रव्य ज्यांच्यासाठी राखायचे, ती माणसेच उरली नव्हती. तिची गरिबी हे एक व्रत होते, आणि व्रताची सोय अशी, की ते मनात आणले तर सोडता येते.

* * *

माधुकरी हा शब्द आता पुस्तकांतच भेटतो, म्हणून तरुण वाचकांसाठी दोन शब्द सांगतो. मधुकर म्हणजे भुंगा. भुंगा जसा एका फुलाला ओरबाडत नाही, ह्या फुलातून थोडे, त्या फुलातून थोडे, असा मध गोळा करतो, तसे पाच घरी जाऊन प्रत्येक घरातून थोडे थोडे शिजलेले अन्न आणायचे, ती माधुकरी. धान्य किंवा पीठ आणले तर ते कोरान्न. एकाच घरी पोटभर मागायचे नाही, मिळाले त्याला नावे ठेवायची नाहीत, उद्यासाठी शिल्लक ठेवायची नाही. झोळीत भात, वरण, भाजी, कधी पोळीचा तुकडा, सारे एकत्र कालवले जाई. चवीची हौस असणाऱ्याचे ते काम नव्हे.

दुसरी रीत वाराची. पाठशाळेत किंवा इंग्रजी शाळेत शिकायला आलेला गरीब मुलगा गावात सात घरे धरी. सोमवार एकाकडे, मंगळवार दुसऱ्याकडे, असे आठवड्याचे सात वार लागले की त्याच्या जेवणाची चिंता मिटली. ह्याला वार लावून जेवणे म्हणत. सहाच वार लागले तर सातव्या दिवशी पाण्यावर आणि अभ्यासावर भागवायचे. आठवड्याला आपल्या पानावरचा एक मुलगा हा मध्यम स्थितीतल्या गृहस्थालाही झेपणारा धर्म होता. सात घरांनी मिळून एका मुलाला पोसले म्हणजे कोणालाच त्याचा भार वाटत नसे. आजच्या भाषेत ज्याला शिष्यवृत्ती म्हणतात, ती त्या काळी सात चुलींवर शिजत होती.

घेणाराही अगदीच फुकट खात नसे. विहिरीचे पाणी काढ, देवाची पूजा कर, लहान मुलांचे पाढे घे, म्हाताऱ्या आजीला पोथी वाचून दाखव, अशी लहानसहान कामे तो करी. तरीही हे सारे गोडच होते असे म्हणणे खोटेपणाचे होईल. कोणत्या घरी पान पहिल्या पंगतीला मांडतात आणि कोणत्या घरी स्वयंपाकघराच्या कोपऱ्यात, हे वाराच्या मुलाला जन्मभर पाठ असे. कोणाच्या हातून तूप पडे आणि कोणाच्या हातून टोमणा! महाराष्ट्रातल्या कित्येक विद्वानांच्या स्वभावात पुढे जो एक ताठरपणा दिसतो, त्याचे मूळ मला तरी ह्या सात घरांच्या सात उंबऱ्यांत दिसते. उपकाराचे अन्न पोट भरते. पण मान जरा अवघडतो.

शिवाय ह्या व्यवस्थेचे दार अरुंद होते. वार लागे तो जातीच्या घरी. ब्राह्मणाच्या मुलाला ब्राह्मणांची सात घरे मिळत. कुणब्याच्या, माळ्याच्या, महाराच्या मुलाने कोणाचे वार लावायचे? एकोणिसावे शतक संपेपर्यंत ह्या प्रश्नाला उत्तर नव्हते. ते कोल्हापुरास शाहू महाराजांनी १९०१ पासून वसतिगृहे काढून दिले. नाशिकला १९१४ साली मराठा विद्या प्रसारक समाजाचे काम सुरू झाले आणि खेड्यांतल्या मुलांसाठी बोर्डिंग झाले. साताऱ्यास कर्मवीर भाऊराव पाटलांनी १९२४ साली काढलेल्या बोर्डिंगात तर सर्व जातींची मुले एका चुलीवरची भाकरी खाऊ लागली. त्या मुलांच्या अन्नासाठी लक्ष्मीबाईंनी आपले दागिने मोडले, मंगळसूत्रसुद्धा ठेवले नाही. सात चुलींचे काम एका चुलीने केले आणि ते करताना जात विचारली नाही.

* * *

आता त्या मुलाच्या प्रश्नातल्या विष्णुबुवांकडे वळतो.

विष्णु दिगंबर पलुसकरांचा जन्म १८७२ साली कुरुंदवाडचा. वडील कीर्तनकार. लहानपणी दत्तजयंतीच्या उत्सवात तोंडाशी फटाका उडाला आणि मुलाची दृष्टी कायमची अधू झाली. दिवाळीच्या अंकात हे लिहिताना हात थबकतो. फटाक्यांची माळ हातात घेतलेल्या मुलांच्या आयांनी ही ओळ पुन्हा एकदा वाचावी. शाळा सुटली आणि गाणे उरले. मिरजेला बाळकृष्णबुवा इचलकरंजीकरांपाशी त्यांनी तालीम घेतली. संस्थानिकाचा आश्रय होता. गवयाला त्या काळी ह्याहून अधिक काही मागायचे नसे.

पण ह्या गवयाने मागितले. दरबारात गवयाला विडा मिळतो, पण मान मिळत नाही, हे त्यांच्या मनाला लागले होते. १८९६ साली ते मिरज सोडून बाहेर पडले, हिंदुस्थानभर फिरले आणि ५ मे १९०१ रोजी लाहोरला गांधर्व महाविद्यालय काढले. राजाच्या मर्जीवर न चालता लोकांच्या आश्रयावर चालणारी गाण्याची शाळा! घरंदाज मुलामुलींनी गाणे शिकणे ज्या काळी कमीपणाचे मानीत, त्या काळची ही गोष्ट आहे. ह्या शाळेत उपदेशक वर्ग होता. गरीब पण गळा असलेल्या मुलांनी करार करून तेथे राहायचे, खाणे-राहणे संस्थेचे, विद्या बुवांची. आणि शिकून झाल्यावर त्यांनी संगीताच्या प्रसाराला लागायचे. पाहा, पुन्हा तेच वार! फक्त सात घरांच्या जागी एक घर, आणि त्या घराचा यजमान स्वतः कर्जात.

१९०८ साली मुंबईस शाळा निघाली. ती वाढली, तिची स्वतःची इमारत झाली. एवढ्या मुलांचे अन्न, इमारतीचे हप्ते, पुस्तकांची छपाई, ह्यांसाठी बुवा गावोगाव मैफली करीत आणि मिळेल तो पैसा संस्थेत ओतीत. पैसा आला नाही असे नाही. तो ह्या हाताने आला आणि त्या हाताने गेला. शेवटी १९२४ साली कर्जापायी मुंबईची इमारत लिलावात गेली. आयुष्याची मिळकत लोकांच्या बोलीवर विकली गेली.

आता सनांकडे नीट लक्ष द्या. कारण माझ्या विद्यार्थ्याचे उत्तर ह्या सनांतच दडलेले आहे. पंचवटीतला रामनाम आधार आश्रम बुवांनी १९२२ च्या सुमारास काढला, म्हणजे इमारत जाण्याच्या आधी. कफनी आली ती दिवाळे निघाले म्हणून नव्हे. तुलसीदासांच्या रामायणाकडे आणि रामनामाकडे त्यांचे मन पूर्वीच वळले होते. त्यांची बहुतेक मुले लहानपणीच गेली होती, आणि ज्याच्यावर जीव होता तो दत्तात्रेय १९२१ साली ह्याच नाशिकला जन्मला होता. साधेपण आधी आले, लिलाव मागाहून झाला. म्हणून तो लिलाव त्यांना मोडू शकला नाही. ज्याने ताट आधीच बाजूला सारले आहे, त्याच्यापुढचे ताट उचलून नेणाऱ्याला काय मिळणार?

आश्रमात गुरुकुलाची रीत होती. शिष्य जवळ राहत, शिकत. बुवा भगवी वस्त्रे घालीत, रामायणावर प्रवचन करीत, आणि प्रवचन करता करता गाऊ लागत. ज्या आवाजासाठी संस्थानिकांनी बैठका मांडल्या होत्या, तो आवाज पंचवटीत भाजी घ्यायला निघालेल्या बाईच्याही कानावर पडे. तिकीट नाही, निमंत्रण नाही! थोडक्या पैशांत सुखाने जगण्याचे ह्याहून सुंदर उदाहरण मला ठाऊक नाही. आणि हे मी बुवांविषयी म्हणत नसून त्या भाजीवालीच्या गिऱ्हाइकाविषयी म्हणतो आहे. ज्या गावात असे गाणे रस्त्यावर ऐकू येते, त्या गावातला गरीब हा केवळ त्याच्या खिशावरून मोजता येत नाही.

मात्र कफनी घातली म्हणून ताठ कणा वाकला असे समजू नये. १९२३ च्या डिसेंबरात काकिनाडा येथे काँग्रेसच्या अधिवेशनात 'वंदे मातरम्' म्हणण्याला खुद्द अध्यक्षांनी हरकत घेतली, तेव्हा बुवांनी ते पुरे म्हटले आणि मगच ते व्यासपीठावरून उतरले. ज्याला कोणाकडून काही नको असते, त्याला कोणाचे भय उरत नाही. त्यांचे शिष्य नारायण मोरेश्वर खरे हे गांधीजींच्या साबरमती आश्रमात संगीत शिकवायला गेले आणि १९३० साली दांडीच्या वाटेवर गांधीजींबरोबर चालले. गुरूच्या आश्रमातली रामधून अशी देशाच्या रस्त्यावर आली. २१ ऑगस्ट १९३१ रोजी बुवा मिरजेस वारले. त्या वेळी जेमतेम दहा वर्षांचा असलेला दत्तात्रेय पुढे द. वि. पलुसकर म्हणून महाराष्ट्राचा लाडका गायक झाला आणि १९५५ च्या ऑक्टोबरात, अवघ्या चौतिसाव्या वर्षी, आपल्यातून गेला. इस्टेट म्हणून बापाने मुलाला काय ठेवले, असे कोणी विचारले तर त्याच्या ध्वनिमुद्रिका लावून दाखवाव्यात.

* * *

लेख येथे संपवला असता तर मुले फटाके उडवायला मोकळी झाली असती आणि वडील मंडळींनीही पान उलटले असते. पण मघाशी एका अपवादाचा शब्द दिला आहे.

बुवा आश्रम चालवीत होते त्याच काळात, १९३० च्या २ मार्चला, पंचवटीत हजारो माणसे रांगेने चालत काळारामाच्या मंदिराकडे आली. त्यांच्यापाशीही फार थोडे होते. अंगावर जाडेभरडे, पायांत धूळ, कमरेला भाकरी. डॉ. बाबासाहेब आंबेडकर त्यांचे नेते होते आणि येथली सारी जुळणी दिंडोरी तालुक्यातल्या आंबे गावचे भाऊराव गायकवाड पाहत होते. महाराष्ट्र त्यांना दादासाहेब म्हणून ओळखतो. मंदिराचे दरवाजे बंद होते. चारही दरवाजांपुढे सत्याग्रही बसले. पहिल्या तुकडीत पुरुषांबरोबर स्त्रियाही होत्या. ९ एप्रिलला रथ दोन्ही बाजूंच्या माणसांनी मिळून ओढायचा, असा समझोता झाला होता. तो मोडला आणि रामाच्या रथापुढे दगड आले, रक्त सांडले. सत्याग्रह पुढे चार वर्षे रेंगाळत चालला. दार उघडले नाही. १९३४ साली बाबासाहेबांनी तो थांबवला, आणि १३ ऑक्टोबर १९३५ रोजी आमच्याच जिल्ह्यात, येवल्याला, आपण हिंदू म्हणून मरणार नाही अशी घोषणा केली.

मी वर ज्या ज्या फुकटच्या गोष्टी मोजल्या, त्या पुन्हा आठवून पाहा. देवळातला दिवा, अन्नछत्राची पंगत, पाणवठा, वाराचे पान. गोपिकाबाईच्या व्रताला जे दार उघडत होते आणि वाराच्या मुलाला जे ताट वाढले जात होते, तेच दार आणि तेच ताट ह्या माणसांना शेकडो वर्षे बंद होते. पंचवटीत थोडक्यात भागत असे ते दानशूरांमुळे खरे. पण ते ज्याला आत घेत त्याचेच भागे. रामाची पर्णकुटी सर्वांची म्हणायची आणि रामाचे दार मात्र काहींचे, हा हिशेब तेवीस लाखांच्या मंदिरालाही जुळवता आला नाही.

तेव्हा मला माझ्या विद्यार्थ्याच्या प्रश्नाची दुसरी बाजू दिसली. साधेपण आणि गरिबी ही दोन सख्खी भावंडे दिसतात, पण ती एका आईची नव्हेत. विष्णुबुवांची भाकरी आणि सत्याग्रहीची भाकरी ताटात सारखीच दिसली असती. पण एकाने पक्वान्न दूर सारून ती घेतली होती आणि दुसऱ्याला दुसरे काही कधी वाढलेच नव्हते. ज्याला निवड नाही, त्याला साधेपणाचा उपदेश करणे हा क्रूरपणा आहे. आम्ही शाळामास्तर हा क्रूरपणा अजाणता पुष्कळ वेळा करतो. १९४७ साली मुंबई प्रांतात मंदिरप्रवेशाचा कायदा झाला आणि १९५० च्या राज्यघटनेने अस्पृश्यता गुन्हा ठरवली. त्यानंतर ज्यांनी थोडक्यात राहणे पत्करले, त्यांच्या साधेपणाला खरा अर्थ आला. दादासाहेब गायकवाड पुढे खासदार झाले, १९६८ साली पद्मश्री झाले, आणि भूमिहीनांसाठी सत्याग्रह करीत राहिले.

* * *

शेवटी एका झाडूवाल्याची आठवण काढल्यावाचून हा लेख पुरा होणार नाही. डोक्यावर मडक्याचे खापर, अंगावर चिंध्यांची गोधडी, हातात खराटा. गाडगे महाराजांचे हे ध्यान माहीत नाही असा मराठी मनुष्य विरळा. हा परटाचा मुलगा गावात येई तो आधी दिवसभर गाव झाडी आणि रात्री त्याच झाडलेल्या जागेवर कीर्तन करी. त्याच खापरात भाकरी खाई. पण ह्याच खापराच्या धन्याच्या शब्दावर लोकांनी लाखो रुपये दिले आणि त्यांतून पंढरपूर, देहू, आळंदी आणि आमचे नाशिक येथे धर्मशाळा उभ्या राहिल्या. घरच्या माणसांना त्या पैशाला हात लावू दिला नाही असे सांगतात. पंढरपूरची चोखामेळा धर्मशाळा तर त्यांनी १९४९ साली बाबासाहेबांच्या शिक्षणसंस्थेला देऊन टाकली. थाळी मोडा, हातावर भाकरी घेऊन खा, पण पोराला शाळेत घाला, हे ते खेडोपाडी सांगत फिरले.

गोपिकाबाईने ऐश्वर्य टाकले ते दुःखाने. विष्णुबुवांनी टाकले ते रामासाठी. गाडगेबाबांपाशी टाकायला काही नव्हते. त्यांनी जे मिळवले तेच स्वतःकडे येऊ दिले नाही, आणि ज्या दारांतून आपल्यासारख्यांना हाकलले जात होते, तशी दारे सर्वांसाठी बांधून दिली. माधुकरी मागणारा पाच घरांचे एका झोळीत आणी. ह्या माणसाने एका झोळीतले हजार घरांना वाटले. २० डिसेंबर १९५६ रोजी ते गेले, बाबासाहेबांच्या मागोमाग पंधरवड्यातच.

त्या मुलाला मी दिवाळीच्या सुट्टीआधी उत्तर दिले. म्हटले, "बाळा, बुवा आधी साधे राहायला शिकले आणि पैसा त्यांच्यापासून मागाहून गेला, म्हणून ते सुखी राहिले. पण प्रत्येकाचे असे नसते. कोणी साधा दिसला, तर तो आपल्या मर्जीने साधा आहे की दुसऱ्याने त्याच्यावर लादले आहे, हे आधी पाहावे. लादले असेल तर त्याला सुभाषित ऐकवू नये. आपल्या पानावर त्याला जागा द्यावी."

मुलाने थोडा विचार केला आणि विचारले, "सर, मग आठवड्यातला एक वार आपल्याकडे लावता येईल का कोणाला?"

ह्या वेळी घंटा वेळेवर झाली. पण त्या मुलाच्या घरी ह्या दिवाळीत फराळाचे एक ताट अधिक मांडले जाणार आहे, असे परवा त्याच्या आईकडून कळले. कोणासाठी, ते मी विचारले नाही.